शंका-समाधान : फोन लागत नाही, मग संदेश कसा जातो?

प्रश्न : गणेश विसर्जनाच्या रात्री बेळगावात कपिलेश्वर तलावाच्या परिसरातून घरी फोन लावला, तर तो लागत नाही, लिहिलेला संदेश मात्र उशिरा का होईना, पोहोचतो. असे का? आणि एक मार्ग भरला असेल, तर कॉल दुसऱ्या मार्गाने का वळवत नाहीत? – एक वाचक, खानापूर

उत्तर : संदेश रांगेत थांबू शकतो, बोलणे थांबू शकत नाही. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यामुळे फोर-जीवर कॉल जोडण्यापूर्वी त्याच्यासाठी ठरावीक क्षमता राखली जाते, आणि ती शिल्लक नसेल तर कॉल सुरुवातीलाच नाकारला जातो. याला प्रवेश-नियंत्रण म्हणतात. नकार मिळालेल्याला राग येणे साहजिक आहे. पण सर्वांनाच आत घेतले असते, तर आधीपासून बोलत असलेल्यांचेही आवाज तुटू लागले असते.

किती कॉल नाकारावे लागतील, याचे गणित डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग यांनी १९१७ साली मांडले. शंभरांत एकच कॉल नाकारला जावा अशी अट घातली, तर १० चॅनेलना (एक चॅनेल म्हणजे एका कॉलपुरती जागा) सरासरी साडेचार चॅनेल गुंतवण्याइतकाच भार पेलतो. १०० चॅनेलना मात्र ८४ चा. गट मोठा असला की त्याचा वापर अधिक चांगला होतो, तो असा. साधे आणि व्हिडिओ कॉल एकाच जागेत आले, की आणखी एक पेच येतो : एकदम बरीच जागा मागणारा व्हिडिओ कॉल अधिक वेळा नाकारला जातो, कारण मोकळी झालेली थोडीथोडी जागा साधे कॉल लगेच भरून टाकतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. समजा, बेळगाव, कोल्हापूर आणि हुबळी ही तीन दूरध्वनी केंद्रे एकमेकांना थेट जोडलेली आहेत. बेळगाव–कोल्हापूर मार्ग भरला आणि कॉल हुबळीमार्गे वळवला, तर तो एकाऐवजी दोन मार्गांवर प्रत्येकी एक चॅनेल अडवतो. गर्दी कमी असताना हे उत्तमच. गर्दीत मात्र बेळगावहून हुबळीला बोलू पाहणाऱ्याची जागा त्याने घेतलेली असते. मग तोही कॉल कोल्हापूरमार्गे वळतो, पुन्हा दोन जागा अडवतो, आणि बहुतेक कॉल आडवाटेने जाऊ लागून एकूण जोडले जाणारे कॉल उलट घटतात. यावरचा उपाय साधा आहे : प्रत्येक मार्गावरील शेवटची काही चॅनेल केवळ थेट कॉलसाठी राखून ठेवायची, वळवलेल्यांना द्यायची नाहीत. आश्चर्य म्हणजे मोठ्या गटातही अशी थोडीच चॅनेल राखली तरी पुरते.

विसर्जनाच्या रात्री मात्र अडचण बहुधा केंद्रांमधील मार्गांवर नसून फोन आणि टॉवर यांच्यामधील रेडिओ लहरींवर असते, आणि तेथे आडवाटच नसते. आसपासचे टॉवरही त्याच गर्दीने भरलेले असतात. तात्पुरता फिरता टॉवर उभारला तर तेथील क्षमता वाढते. पुन्हा पुन्हा नंबर फिरवल्याने मात्र प्रत्येक प्रयत्नाचा भार त्याच टॉवरवर पडतो, म्हणून तातडी नसेल तेव्हा संदेश पाठवलेला बरा.