क्लिम्टचा आफ्रिकन राजपुत्र: चित्र नक्की कोणाचं?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रियाचा चित्रकार गुस्टाव क्लिम्टने काढलेलं आफ्रिकन राजपुत्राचं हरवलेलं चित्र व्हिएन्नात सापडलं, तर ते हंगेरी कशासाठी परत मागतेय आणि त्याचा खरा मालक कोण. बातम्यांनी दोन निराळी भांडणं एकात एक मिसळली आहेत, त्यामुळे गोंधळ होणारच. मालकीचं भांडण जवळपास मिटलंय. पेटलंय ते चित्र देशाबाहेर नेण्याच्या परवान्याचं.

चित्रातला माणूस म्हणजे विल्यम नी नॉर्टे डोवुओना. आजच्या घानामधल्या अक्रा शहराचा ओसू हा भाग, तिथल्या गा समाजाच्या राजघराण्यातला. १८९७ साली ओसूच्या बऱ्याच लोकांना व्हिएन्नाला नेऊन प्राणिबागेत 'प्रदर्शनात' ठेवलं होतं. हो, प्राणिबागेत. तिकीट काढून माणसं बघायला जायची युरोपात तेव्हा रीतच होती. व्हिएन्नातच क्लिम्टने आणि त्याचा सहकारी फ्रान्झ माट्श याने, दोघांनीही या राजपुत्राचं चित्र काढलं. माट्शचं आज लक्झेंबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्लिम्टचं मात्र त्याच्या स्टुडिओतच पडून राहिलं. चित्र जेमतेम ६६ बाय ५४ सेंटिमीटरचं, पण मागच्या फुलांकडे बघा: पुढे ज्या नक्षीदार पार्श्वभूमीसाठी क्लिम्ट गाजला, तिची चाहूल तिथे लागते. माझ्या मते चित्राचं मोल त्या फुलांत आहे.

क्लिम्ट १९१८ मध्ये गेला. १९२३ मध्ये चित्र लिलावात निघालं आणि १९२८ च्या क्लिम्ट प्रदर्शनात एर्नेस्टीन क्लाईन या बाईंच्या नावावर होतं. क्लाईन दांपत्य ज्यू वंशाचं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्यांना देश सोडून पळावं लागलं आणि चित्राचा माग तुटला. आल्फ्रेड वाइडिंगर हे कलेतिहासकार वीसेक वर्षं ते शोधत होते. २०२३ मध्ये एक जोडपं व्हिएन्नातल्या एका गॅलरीत मळकं, साध्या चौकटीतलं चित्र घेऊन आलं. त्यावर क्लिम्टच्या वारशाचा, म्हणजे त्याच्यामागे राहिलेल्या चित्रांवरचा शिक्का होता, जेमतेम दिसेल इतका पुसट. चित्र साफसूफ झालं आणि मार्च २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या कलामेळ्यात दीड कोटी युरो किमतीला मांडलं गेलं.

आता मालकी. नाझी काळात ज्यांच्या हातून कलाकृती गेल्या त्यांच्या वारसांशी न्याय्य तोडगा काढावा, असं १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी मान्य केलं. ती तत्त्वं बंधनकारक नाहीत. पण हा डाग पुसल्याशिवाय मोठा ग्राहक चित्राला हात लावत नाही. इथेही विक्रीला काढण्याआधीच क्लाईन यांच्या वारसांशी समझोता झाला.

हंगेरीचं म्हणणं निराळं आहे. माग तुटल्यावर चित्र हंगेरीत होतं आणि तिथून बाहेर आलं ते निर्यात परवान्यावर. हंगेरी म्हणते, अर्जात क्लिम्टचं नावच नव्हतं. ते कळलं असतं तर आम्ही परवाना दिलाच नसता. गॅलरी म्हणते, परवाना सरकारनेच दिलाय, आमचं सगळं कायदेशीर आहे. मला दोन्ही बाजू थोड्या सोयीस्कर वाटतात. चित्र ओळखण्याचं काम परवाना देणाऱ्या कार्यालयाचंही असतंच की! पण अर्जदाराला किती माहीत होतं, हा प्रश्न त्याने संपत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेतलं तर हे चटकन कळेल. राजा रविवर्म्याचं अस्सल चित्र तुमच्या दिवाणखान्यात असू शकतं, तुम्ही ते विकूही शकता, पण १९७२ च्या कायद्यामुळे देशाबाहेर विकायला नेऊ शकत नाही. मालक तुम्हीच, फक्त वेशीवर सरकार उभं.

म्हणजे उद्या हंगेरी जिंकली तरी चित्र आपोआप हंगेरी सरकारचं होत नाही. ते परत हंगेरीत जाईल एवढंच. वारसांशी झालेला समझोता वेगळा. मात्र जे चित्र देशाबाहेर नेता येत नाही त्याला जगभरचे ग्राहक मिळत नाहीत, त्यामुळे किंमत धाडकन खाली येते. सगळी ओढाताण आहे ती याच्यासाठी.

आणि ओसूच्या लोकांचा दावा? कायद्याने नाही. चित्र तिथून लुटून आणलेलं नाही, ते व्हिएन्नातच रंगवलं गेलं.