येन 70 वर जाईपर्यंत थांबायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: नेरूळच्या एका वाचक भगिनींचा मुलगा तीन वर्षांपासून जपानमधल्या नागोयात नोकरी करतो. तिथल्या खात्यात त्याचे 32 लाख येन साठले आहेत. इकडे त्याच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे 14 लाख रुपये बाकी आहेत, व्याज साडेदहा टक्के, तारण राहता फ्लॅट. त्यांनी पत्र लिहिलं तेव्हा 100 येनला 58 रुपये मिळत होते. 2020 मध्ये 70 मिळायचे, तेव्हा तो भाव परत येईपर्यंत पैसे तिकडेच राहू द्यावेत, असं यजमानांचं म्हणणं. ते दोन वर्षांत निवृत्त होतात. ताईंना मात्र कर्ज लवकर मिटवायचं आहे.

ताई, नमस्कार.

यजमान रोज सकाळी कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीने येनचा भाव लिहितात, हे वाचून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. लेकाने परक्या मुलखात राहून जमवलेला पैसा स्वस्तात जाऊ नये, यासाठी चाललेली ही बापाची धडपड आहे. पण त्या चौकटीत एक आकडा लिहायचा राहून जातोय. 14 लाखांवर साडेदहा टक्क्यांनी दिवसाला साधारण 400 रुपये व्याज चढतं. येन वर जावो की खाली, ते चुकत नाही.

म्हणून थांबणं फायद्याचं ठरायला भाव किती वाढायला हवा, ते आधी बघू. जपानमधल्या साध्या बचत खात्यावर अर्धा टक्काही व्याज मिळत नाही, ते सोडून देऊ. मग पत्रातले 58 वर्षभरात 64 व्हायला हवेत आणि दोन वर्षांत जवळपास 71. म्हणजे यजमानांचा 70 चा भाव दोन वर्षांनी खरोखर आला, तरी कर्जाएवढ्या रकमेवर हातात जास्त काही पडत नाही. तिसऱ्या वर्षी आला तर सरळ तोटा.

आणि तो येईलच असं येनचा इतिहास सांगत नाही. 1985 मध्ये, डॉलर उतरवण्यासाठी अमेरिका, जपान आदी देशांनी केलेला प्लाझा करार व्हायच्या आधी, 100 येन जेमतेम 5 रुपयांना पडायचे. 1995 च्या एप्रिलमध्ये 39 च्या घरात गेले. आपल्या पिढीच्या मनात ‘येन म्हणजे चढणारं चलन’ हे बसलं ते तेव्हापासून. पण त्या एप्रिलमध्ये येन घेऊन बसलेल्या माणसाला 2007 च्या मध्यावर किती मिळाले असते? 33 च्या आसपास. बारा वर्षं थांबून भाव खालीच. पुढे 2012 मध्ये 70 झाले, 2020 मध्ये पुन्हा 70, आणि 2024 च्या जुलैत 52.

असं का होतं, हे यजमानांना जरूर सांगा. येन आणि रुपया यांचा भाव मुळात डॉलरमधून निघतो. डॉलरला किती रुपये आणि डॉलरला किती येन, यांचा तो भागाकार. 2007 मध्ये डॉलर 40 रुपयांवर होता आणि येन 120 च्या पुढे, म्हणून एका येनला 33 पैसे, म्हणजेच 100 येनला 33 रुपये. 2022 पासून अमेरिकेने व्याजदर भराभर वाढवले, जपानने ते शून्याखालीच ठेवले, तेव्हा पैसा डॉलरकडे धावला आणि डॉलर 161 येनपर्यंत गेला. बँक ऑफ जपानने मार्च 2024 मध्ये उणे व्याजदर संपवला, जुलैअखेर आणखी वाढवला, आणि महिन्याभरात 100 येन 52 वरून 58-59 वर उसळले. ही उसळी पाहूनच यजमानांना आशा वाटतेय, हे मी समजू शकतो. पण दोन देशांच्या मध्यवर्ती बँका आणि तिसऱ्या देशाचा डॉलर यांच्यावर तुमच्या फ्लॅटचं तारण टांगून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जच येनमध्ये असतं, जसं अटल सेतूसाठी जपानकडून घेतलेलं आहे, तर गोष्ट वेगळी होती. तुमचा हप्ता रुपयात आहे.

तेव्हा कर्ज आत्ताच पूर्ण फेडा. त्यासाठी सुमारे 24 लाख येन लागतील. उरलेले 8 लाख मुलाने तिकडेच ठेवावेत; नोकरी गेली, आजारपण आलं तर त्याला येनच लागतील. यजमानांना भाववाढीची वाट पाहायचीच असेल तर ती या 8 लाखांवर खुशाल पाहावी. व्याज फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकेला लावता येत नाही. आणि यजमान जुन्या करप्रणालीत या व्याजाची वजावट घेत असतील, तरी वाचणारा कर हा भरलेल्या व्याजाचा एक हिस्साच असतो. त्यासाठी कर्ज चालू ठेवू नका.

तुम्ही जोडलेली पावती पाहून मात्र वाईट वाटलं. मुलाने 5 लाख येन पाठवले त्या दिवशी संदर्भ दर 58.40 होता, बँकेने लावला 57.10. म्हणजे 6,500 रुपये गेले, आणि पावतीवर शुल्काच्या रकान्यात शून्य! पुढच्या वेळी एफबीआयएल ही संस्था जाहीर करते तो त्या दिवसाचा संदर्भ दर बघा आणि दोन-तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा: ‘इतके येन दिले तर खात्यात रुपये किती पडतील?’ पैसे मुलाच्या एनआरई खात्यात (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं) आणून तिथूनच कर्ज फेडा, नोंद स्वच्छ राहते. खातं नसेल तर या आठवड्यात त्याला अर्ज करायला सांगा.

बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या, त्यात तारखेनुसार नेमकी रक्कम असते. पैसे भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट, फ्लॅटचा मूळ करारनामा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मूळ कागद 30 दिवसांत परत करावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. ती 30 दिवसांची तारीख यजमानांना कालनिर्णयावर लिहून ठेवायला सांगा.