रॉकेलचा स्टो घ्यायचा, पण बचतीसाठी नव्हे

सेंडाईहून एका ताईंनी विचारलंय: भाड्याच्या घरात थंडीभर एसीच हीटर म्हणून चालतो, वीज युनिटला ३१ येन पडते, बिल बघवत नाही. रॉकेल १२० येन लिटर. मग ३५,००० येनचा रॉकेलचा स्टो घेतला तर? वर आमटी-भातही होईल, गॅस वाचेल.

ताई, आधी घराचा भाडेकरार काढा. जपानमधल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत रॉकेलच्या स्टोला मनाई असते. तसं असेल तर विषय तिथेच संपला.

मनाई नसेल तर हिशोब बघू. एक लिटर रॉकेल साधारण १० युनिट उष्णता देतं, म्हणजे १२० येनला १० युनिट. एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिट विजेत तीन युनिट ऊब मिळते. तेवढीच ऊब सुमारे १०३ येनला पडते. इथे स्टो हरला. कडाक्याच्या थंडीत एसी दुप्पटच ऊब देतो असं धरलं, तरी लिटरमागे ३५ येन वाचतील. स्टोची किंमत वसूल व्हायला हजार लिटर जाळावं लागेल. तासाला पाव लिटर, रोज सहा तास, वर्षाला चार महिने धरले, तर साडेपाच हिवाळे! कॉइलचा हीटर वापरत असाल तरच गणित उलटं. त्यात १० युनिटला ३१० येन जातात.

तरीही मी घ्या म्हणेन. मार्च २०११ च्या भूकंपात तुमच्याच शहरात वीज गेली, गॅस परत यायला कित्येक आठवडे लागले, आणि बाहेर बर्फ पडत होता. वातीचा स्टो काडीनेही पेटतो. त्यावर किटली ठेवा, डाळ-तांदळाची खिचडी शिजवा. फोडणी आणि तळण मात्र नको, तेल सांडलं तर भडका उडेल. तेव्हा हा खर्च विम्याच्या खात्यात मांडा, गॅसच्या बचतीत धरू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही याच पैशांत बसवा. स्टो पेटलेला असताना तासातून एक-दोनदा खिडकी उघडा. लिटरभर रॉकेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत येतं, भिंतींना बुरशी धरते. वर दोरी बांधून कपडे वाळत घालण्याचा मोह तर अजिबात नको. आणि थंडी सरता सरता कॅनमधलं रॉकेल संपवून टाका. उन्हाळाभर राहिलेलं रॉकेल खराब होतं, पुढच्या थंडीत वात बिघडवतं.