आधी कोडी, मग चॉसर

सातारा

अनेक आशीर्वाद.

धाकट्या भावाला आणि त्याच्या मित्रांना घरीच जुनं इंग्रजी साहित्य शिकवायचं ठरवलंस, बरं केलंस. तुझा आराखडा वाचला. त्यातला पहिला महिना, अँग्लो-सॅक्सन राजांपासून नॉर्मनांपर्यंतचा इतिहास, सरळ काढून टाक. एम.ए.ला आपण तसंच शिकलो म्हणून नववीतल्या पोरांच्या माथी ते मारायचं कारण नाही.

सुरुवात कोड्यांनी कर. इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. त्यात नव्वदहून अधिक कोडी आहेत, उत्तरं दिलेली नाहीत. त्यातलं किड्याचं घे: किड्याने शब्द खाल्ले, अंधारातल्या या चोराने कुणाचं तरी गाणं गिळलं, आणि एवढं गिळूनही तो तसूभर शहाणा झाला नाही. पोरं ‘पुस्तकाची कसर’ म्हणून मोकळी होतील. उत्तर तर पहिल्याच ओळीत आलंय, मग कोडं कसलं, असं विचार आणि गप्प बस. गाइड पाठ करणाऱ्यांना आपलीच चेष्टा चाललीय हे उमगायला फार वेळ लागत नाही.

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी वीरकाव्याच्या ३१८२ ओळी आहेत, सगळ्या काढू नकोस. गोष्ट तोंडी सांग आणि ग्रेंडेल हा राक्षस रात्री राजाच्या दालनाकडे येतो तेवढंच वाच. तो आला हे कवी तीनदा सांगतो: आधी काळोख्या रात्रीतून, मग धुक्याखालच्या माळावरून, मग थेट दालनापाशी. ते तिन्ही ‘आला’ पोरांना पेन्सिलीने खुणावू दे. तू निवडलेल्या रूपांतरात ते टिकलेत का, हे आधी तपासून घे. आणि या काव्याच्या एकमेव हस्तलिखिताच्या कडा १७३१च्या आगीत जळाल्या, हेही सांग. एवढा इतिहास पोरांना आवडतो.

खरा मुक्काम चॉसरवर, म्हणजे या चौदाव्या शतकातल्या कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’वर. कँटरबरीच्या यात्रेला निघालेली ती मंडळी, सरदार, गिरणीवाला, खलाशी, स्वयंपाकी, लोणंदच्या पोरांना नवी वाटायची नाहीत. माउलींची पालखी तुमच्या गावात मुक्कामाला असते. फरक मात्र त्यांनाच काढू दे. ही माणसं घोड्यावरून जातात, भजनाऐवजी गोष्टी सांगतात आणि सर्वांत चांगल्या गोष्टीला परतल्यावर जेवणाचं बक्षीस असतं. सुरुवातीच्या ओळींतला एप्रिलचा पाऊस तेवढा समजावून दे, नाहीतर त्यांना वळीव वाटेल. तिथे तो मार्चच्या कोरड्या मातीत मुळापर्यंत मुरतो आणि मग लोकांना यात्रेची ओढ लागते.

याच यात्रेकरूंतल्या मठाच्या प्रमुख बाईवर एक पूर्ण बैठक घालव. तिच्या ओठांतून कण सांडत नाही, बोटं रश्श्यात खोल बुडत नाहीत, पेल्याला तेलाचा ठिपका लागत नाही. मग कवी म्हणतो, आता तिच्या कोमल मनाचं सांगतो. सापळ्यातला उंदीर पाहून ती रडते. कुत्र्यांना भाजलेलं मांस, दूध आणि उंची पाव घालते. झालं. या कोमलतेत माणूस कुठे आला, एवढंच विचार. चॉसरने तिला एकही वाईट शब्द वापरलेला नाही, म्हणून तर मला तो आवडतो. कुणी ‘ती प्रेमळच आहे’ म्हणालं तर खोडून काढू नकोस. ओळीवर बोट ठेव आणि सांग, म्हण. उलट बोलणाऱ्यालाही हाच नियम.

अर्थ आधुनिक इंग्रजीतून लावलास तरी चॉसरच्या पहिल्या अठरा ओळी मुळातूनच, मोठ्याने वाच. ‘सोते’ (गोड), ‘रोते’ (मूळ) असे शेवटचे एकार उच्चारायचे. मराठी जिभेला ते जड जात नाहीत. पाठ करून घेऊ नकोस, रोज कानावर पडू दे.

‘सर गॉवेन’ हे मध्ययुगीन काव्य नाताळच्या सुट्टीसाठी राखून ठेव. ती गोष्ट सुरूच होते नाताळच्या मेजवान्यांत.

तुझा,
सर