बिअर्डेड ड्रॅगनच्या (हा एक पाळीव सरडा) ताटात काय वाढायचं?

पिल्लू लहान असेपर्यंत किडे जास्त, पाला कमी. मोठं झाल्यावर नेमकं उलट! बरेच जण मोठेपणीही किडेच चारत राहतात आणि मग ड्रॅगन लठ्ठ होतो.

- किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको.
- रातकिडे डब्यात घाला, वर चिमूटभर कॅल्शियमची पूड, डबा हलवा. पांढरे दिसले की द्या. पण यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) नसेल तर हे कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यामुळे दिव्यात काटकसर नको.
- पालक रोज नको. अ‍ॅव्होकॅडो आणि काजवे तर विषच.

पाल्याला तोंड लावत नाही? सगळ्यांचीच तक्रार. सकाळी भुकेल्या पोटी आधी मोहरीचा पाला, किसलेला लाल भोपळा ठेवा, किडे नंतर. उरलेले रातकिडे रात्री काढून टाका, झोपलेल्या ड्रॅगनला चावतात.