रुजू होण्याआधी हेन्री ऑफ ग्रॉसमाँट वाच

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून खूप आनंद झाला. लष्करी अकादमीत दाखल व्हायच्या आधी एकाच सेनापतीचं चरित्र नीट वाचायचं तर कोणाचं वाचावं, असं तू विचारलंस. तुझ्या यादीतली नावं मोठीच आहेत, पण ती तुला पुढे वर्गात शिकवलीच जातील. मी यादीबाहेरचं एक नाव सुचवतो. चौदाव्या शतकातला इंग्रज सरदार, लँकॅस्टरचा पहिला ड्यूक, हेन्री ऑफ ग्रॉसमाँट. फ्रान्सशी चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या पहिल्या टप्प्यात राजा तिसऱ्या एडवर्डचा सगळ्यात भरवशाचा सेनानी. माझा आग्रह त्याच्या विजयांसाठी नाही. ऐन वैभवात असताना या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचा झाडा घेतला, आणि तो कागद आजही वाचायला मिळतो. सेनापतींच्या आठवणी ढीगभर सापडतील, पण त्या बहुतेक आपण कसे बरोबर होतो हे सांगायला लिहिलेल्या असतात. हा माणूस आपण कुठे कुठे किडलो आहोत हे लिहून ठेवतो.

जन्म 1310च्या सुमाराचा. वेल्सच्या सीमेवरचा ग्रॉसमाँटचा किल्ला हे जन्मस्थान मानतात. घराणं राजरक्ताचं, पण राजाच्या मर्जीतून उतरलेलं. हा दहा-बारा वर्षांचा असताना सख्ख्या चुलत्याने, थॉमसने, राजाविरुद्ध तलवार उपसली, हरला, आणि 1322 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढे वडिलांची दृष्टी गेली आणि घराण्याची जबाबदारी तरुण हेन्रीवर आली. 1340च्या स्लॉइसच्या आरमारी लढाईत तो होता. त्यानंतर राजाच्या कर्जापोटी त्याला नेदरलँड्सच्या मुलखात ओलीस राहावं लागलं आणि सुटकेसाठी स्वतःच्याच थैलीत हात घालावा लागला. लढाई जिंकून आलेला सरदार सावकारांच्या ताब्यात! युद्ध पैशावर चालतं हे त्याला कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

म्हणून चरित्र हातात घेशील तेव्हा लढायांच्या नकाशांआधी एक करारनामा वाच. तारीख 13 मार्च 1345. दक्षिण-पश्चिम फ्रान्समधला गॅस्कनी प्रांत इंग्रजांच्या हातून निसटत चालला होता आणि तो सावरायला राजा हेन्रीला पाठवत होता. मोहीम सहा महिन्यांची. सोबत 500 चिलखती स्वार, 500 घोडेस्वार तिरंदाज, 500 पायदळ तिरंदाज आणि 500 वेल्श पायदळ, एकूण 2,000 माणसं. त्यात एक कलम असं आहे की हेन्री वेढ्यात अडकला किंवा राजाच्या फौजेशिवाय सुटका नाही अशा कोंडीत सापडला, तर काही करून त्याला सोडवणं राजावर बंधनकारक राहील. तुझ्या हातात पहिला हुकूम पडेल तेव्हा हे कलम आठव. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे सगळेच वाचतात. अडचण आली तर मागून कोण येणार, हे निघायच्या आधी विचारून घेणारा अधिकारी विरळा, आणि त्याच्या हाताखालची माणसं त्याला दुवा देतात.

वारा उलटा लागल्याने साउथहॅम्प्टनहून निघायलाच उशीर झाला. बोर्दोला तो ऑगस्टमध्ये उतरला. तिथले इंग्रज अधिकारी जागोजागी किल्ल्यांना वेढे घालून बसले होते आणि त्यातून फारसं काही निष्पन्न होत नव्हतं. हेन्रीने ते सगळं थांबवलं, विखुरलेली माणसं गोळा केली आणि दोर्दोन्य नदीवरच्या बेर्जराकवर झडप घातली. गाव ऑगस्ट संपायच्या आत पडलं. इथे थोडं थांबून विचार कर. नवा अधिकारी येतो तेव्हा आधीच्यांनी चालवलेली कामं मोडायला तो कचरतो. हेन्री कचरला नाही, पण स्थानिक गॅस्कन सरदारांना आणि वॉल्टर मॉनीसारख्या मुरलेल्या माणसाला त्याने बरोबर घेतलं.

आता ऑबेरॉश. ही लढाई मात्र बारकाईने वाच, कागदावर आराखडा काढून. पेरिग्यूच्या पूर्वेला ओव्हेझेर नदीच्या काठी एका खडकावर छोटा किल्ला, आत इंग्रजांची शिबंदी, खाली फ्रेंचांचा वेढा. त्या काळचा एक बखरकार सांगतो की मदतीचं पत्र घेऊन बाहेर पडलेला एक नोकर पकडला गेला, आणि फ्रेंचांनी ते पत्र त्याच्या गळ्यात बांधून त्याला गोफणयंत्राने किल्ल्यात परत फेकलं. ही गोष्ट खरी धरायची की नाही हे तुझं तू ठरव, वेढ्यातल्या माणसांची मनःस्थिती मात्र तिच्यातून कळते. हेन्रीजवळ सुमारे 1,200 माणसं होती, 400 चिलखती स्वार आणि 800 तिरंदाज. फ्रेंच कित्येक पटींनी जास्त. आजचे इतिहासकार 7,000 पर्यंत आकडा देतात. रात्रीची मजल मारून तो छावणीजवळच्या रानात येऊन दडला. पेम्ब्रोकचा अर्ल आणखी कुमक घेऊन यायचा होता, म्हणून त्याची वाट पाहिली. पेम्ब्रोक येईना. जवळची शिधासामग्री संपत आली, आणि रानाबाहेर दाणागोटा शोधायला माणसं पाठवली तर सुगावा लागणार.

21 ऑक्टोबर 1345. हेन्रीने सरदारांना एकत्र बसवून सल्ला घेतला आणि थांबायचं नाही असं ठरलं. फ्रेंच संध्याकाळच्या जेवणाच्या तयारीत होते, बरेच जण चिलखतं उतरवून बसले होते. रानाच्या कडेने तिरंदाज, मोकळ्या कुरणातून घोडदळ, दोन्ही एकदम सुटले. फ्रेंच एका ठिकाणी गोळा होऊन सावरायला लागले तेवढ्यात किल्ल्यातल्या शिबंदीने दरवाजे उघडले आणि पाठीवर घाव घातला. फ्रेंच सेनापती लुई द प्वातिए जखमांनी गेला, मोठमोठे सरदार कैद झाले. पेम्ब्रोक पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि हेन्री कैदी सरदारांना आपल्याच पंक्तीला बसवून जेवू घालत होता.

शिवकाळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या तुला छापा म्हणजे काय हे मी सांगायला नको. मी लक्ष वेधतो ते रानातल्या त्या प्रतीक्षेकडे. उपाशी माणसं, उतावीळ घोडे, समोर शत्रूच्या छावणीतला स्वयंपाकाचा धूर, आणि एका माणसाने ठरवायचं की आणखी किती वेळ थांबायचं. तरुण अधिकारी हल्ल्याच्या धाडसाबद्दल भरभरून बोलतात. हेन्रीचं कसब मला त्या थांबण्यात आणि मग थांबणं संपवण्यात दिसतं.

पण तिथेच पुस्तक मिटून ठेवू नकोस. पुढच्याच वर्षी त्याने उत्तरेकडे धाड नेली, 4 ऑक्टोबर 1346 रोजी प्वातिए शहर चढाई करून घेतलं आणि ते निर्दयपणे लुटलं. निःशस्त्र माणसं मारली गेली. त्या युद्धात इंग्रजांच्या धाडींची रीतच ती होती: गावं जाळायची, पिकं जाळायची, म्हणजे फ्रेंच राजा आपल्या रयतेला राखू शकत नाही हे जगाला दिसतं. या लुटीतून आणि कैद्यांच्या खंडणीतून हेन्री अफाट श्रीमंत झाला. लंडनमध्ये थेम्सकाठचा सॅव्हॉयचा वाडा त्याने नव्याने उभारला, त्याचा खर्च तत्कालीन बखर 52,000 मार्क (तेव्हाचं इंग्रजी हिशेबाचं चलन) सांगते, आणि तो पैसा बेर्जराकचा, असंही सांगते. 1381च्या शेतकऱ्यांच्या उठावात तो वाडा जळून खाक झाला. कोणत्याही सेनापतीचं चरित्र वाचताना जळलेल्या गावांत काय झालं असेल, हे स्वतःला विचारत जा. लेखक तिथे घाईने पुढे सरकतात.

1351 मध्ये तो ड्यूक झाला. राजघराण्याच्या युवराजाखेरीज इंग्लंडमध्ये तोवर ही पदवी कोणाला मिळाली नव्हती. पुढच्या वर्षी जर्मन सरदार ओटो ऑफ ब्रुन्सविकशी वाद होऊन पॅरिसमध्ये फ्रेंच राजासमोर द्वंद्वयुद्ध ठरलं. दोघे रिंगणात उतरल्यावर राजाने ते थांबवलं आणि हेन्रीला भेटवस्तूंमधून हवं ते निवडायला सांगितलं. त्याने फक्त ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून पूजला जाणारा एक काटा घेतला आणि लेस्टरच्या आपल्या देवळाला दिला.

अशा माणसाने 1354 मध्ये एक पुस्तक लिहिलं. नाव ‘पवित्र औषधांचं पुस्तक’. भाषा तेव्हाच्या इंग्रज दरबाराची फ्रेंच. सुरुवातीच्या काळात मला लिहिणं फारसं येत नव्हतं, मी इंग्रज आहे, माझी फ्रेंच सांभाळून घ्या, असं तो मोकळेपणाने म्हणतो. कल्पना अशी की आपण जखमी रोगी आहोत आणि ख्रिस्त हा वैद्य. जखमा सात जागी: कान, डोळे, नाक, तोंड, हात, पाय आणि काळीज. प्रत्येक जागेतून कोणतं पाप आत शिरलं ते तो सांगत जातो. काळजाला तो कोल्ह्याचं बीळ म्हणतो. आतली पापं धूर करून बाहेर काढावी लागतात. किल्ला, तट, सुरुंग यांच्या उपमा येतात तेव्हा तर हाताखालून कित्येक किल्ले गेलेला माणूस बोलतोय हे लगेच कळतं.

तू वाचायचं आहेस ते त्यातलं नेमकेपण. मी गर्विष्ठ होतो, असं मोघम लिहून तो सुटत नाही. स्पर्धेच्या रिंगणात लोकांनी आपले पाय किती देखणे आहेत हे पाहावं म्हणून रिकिबीत पाय ताणून बसायचो, असं लिहितो. बोटांतल्या अंगठ्या, नाचातली आपली ऐट, उंची लाल कापडाचा वास, चमचमीत कालवणं आणि दारू, सगळ्याची नोंद आहे. रयतेकडून पैसे उकळले हे आहे. गरिबांच्या अंगाचा वास सहन होत नसे, हेही आहे. लेस्टरला त्याच्या वडिलांनी 50 गरीब आजाऱ्यांसाठी काढलेलं रुग्णालय त्याने याच वर्षांत वाढवून 100 जणांचं केलं, शुश्रूषेला 10 बायका नेमल्या. त्या वाक्यासोबत हे ठेवून बघ. पुस्तकाच्या शेवटी तो स्वतःला मूर्ख, दीनवाणा पापी म्हणवतो आणि ‘लँकॅस्टरचा ड्यूक हेन्री’ हे नाव उलट्या अक्षरांनी लिहितो.

तुला मी एवढंच सांगेन की असं एक पान तूही लिहीत जा. रोज नको, पण एखादी जबाबदारी संपली की लिही. त्यात ‘मी थोडी कमी पडले’ अशी वाक्यं नकोत. कोणासमोर, कोणत्या शब्दात, कशासाठी, एवढं बारीक लिही. मी ज्या चांगल्या अधिकाऱ्यांना जवळून पाहिलं त्यांना आपल्या तुकडीतल्या प्रत्येकाची खोड माहीत असायची. स्वतःची माहीत असलेले फार थोडे होते.

आणि एकदा लिहिलं की माणूस सुधारला, असंही समजू नकोस. पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 1356 मध्ये, हेन्रीने वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहराला वेढा घातला. शहराच्या बचावात बेर्त्रां द्यू गेक्लां होता, पुढे फ्रान्सचा सरसेनापती झालेला. हिवाळा गेला, शहर पडेना. मार्च 1357 मध्ये तह झाला आणि वेढा उठवायचा राजाचा हुकूम आला. हेन्री हलला नाही! तटावर आपलं निशाण लावल्याशिवाय जाणार नाही अशी त्याने शपथ घेतली होती, असं बखरी सांगतात. जुलैपर्यंत तो अडून बसला, शहराकडून 1,00,000 एक्यूंची (फ्रेंच सोन्याच्या नाण्यांची) खंडणी कबूल करून घेतली आणि मगच निघाला. निशाणाच्या शपथेची गोष्ट खरी असेल तर रिकिबीतले पाय ताणणारा तो माणूस तिथेच होता, फक्त वयाने वाढलेला.

तोच हेन्री 1360 मध्ये फ्रान्समध्ये राजाच्या तंबूत बसून वेगळं बोलला. फ्रेंच राजांचा राज्याभिषेक जिथे होई ते रॅन्स शहर एडवर्डला घेता आलं नव्हतं, एप्रिलमधल्या एका वादळात गारांनी माणसं आणि घोडी मेली होती. वीस वर्षांत मिळवलं त्यापेक्षा जास्त आपण एका दिवसात गमावून बसू, तह करा, अशा अर्थाचं त्याने राजाला सांगितलं असं बखरकार लिहितो. मे महिन्यात ब्रेतिन्यीचा तह झाला. पुढच्याच वर्षी, 23 मार्च 1361 रोजी, लेस्टरला त्याचा अंत झाला, बहुधा प्लेगने. मुलगा नव्हता. धाकटी मुलगी ब्लँच हिचा मुलगा 1399 मध्ये चौथा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. मृत्युपत्रात ड्यूकने बजावलं होतं की अंत्ययात्रेत शस्त्रधारी माणसं नकोत, झुली घातलेले घोडे नकोत.

त्याचं चरित्र तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. रेनचं प्रकरण वाचून झालं की मला सविस्तर लिही: राजाचा हुकूम हातात आहे, शहर आज ना उद्या पडेल अशी खात्री आहे, माणसांनी अख्खा हिवाळा वेढ्यावर काढला आहे. तू काय केलं असतंस, आणि तुझ्या माणसांना ते कसं सांगितलं असतंस? मला पटेल असं उत्तर शोधू नकोस, तुझं पाठव.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर