गणवेश शिवायचाच असेल तर पावसात उभं राहून ठरवा

तुम्ही विचारलंय की दापोली तालुक्यातल्या तुमच्या गावात वीसेक तरुणांचं शोध-बचाव पथक उभं राहतंय, तर गणवेश कसा असावा आणि सराव कसले घ्यावेत. मी चिपळूणकडच्या अशाच एका स्वयंसेवी पथकात आहे.

आपल्याकडे पथकाला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा पावसाळ्यात, धो धो कोसळत असताना. तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर रेनकोट चढतो आणि आतला गणवेश कितीही देखणा असला तरी कुणाला दिसत नाही. दरड कोसळली की अर्धं गाव जमतं, सगळे काळ्या-निळ्या रेनकोटांत. त्यात आपली माणसं कोण, ढिगाऱ्यावर किती गेली आणि परत किती आली, हे प्रमुखाला एका नजरेत कळलं पाहिजे. म्हणून सगळ्यात वर जे येतं तोच गणवेश धरा. जमिनीवर रेनकोटवरून घालायचं जाळीचं जॅकेट, पाण्यात लाइफ जॅकेट आणि दोन्हीकडे हेल्मेट. प्रमुखाच्या हेल्मेटचा रंग वेगळा ठेवा. छातीवरचं नाव कामात वाकलेल्या माणसाचं दिसत नाही, तेव्हा ‘स्वयंसेवक’ आणि गावाचं नाव पाठीवर ठळक हवं.

पोपटी जॅकेट दुकानात झकास दिसतं, पण जुलैतल्या हिरव्यागार डोंगरावर ते हरवतं. नारिंगी घ्या. एनडीआरएफचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलाचा, रंगही नारिंगीच आहे, त्यामुळे ‘स्वयंसेवक’ हा शब्द गाळू नका. जांभ्याचा लाल चिखल बसला की नारिंगीही मळकट होतो, अशा वेळी चमकणारी पट्टीच उपयोगी पडते. ती चिकटवलेली नको, शिवून घ्या. लष्करी छापाच्या कापडाचा मोह पोरांना होतोच, पण लोकांनी सैनिक समजावं म्हणून तसा वेश करणं हा गुन्हा आहे.

आत पूर्ण बाह्यांचा, लवकर सुकणारा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट पुरे. जीन्स अजिबात नको, भिजली की पाय उचलत नाही. गमबूट चिखलात चांगले, वाहत्या पाण्यात मात्र पाण्याने भरतात. तिथे नाडीचे बूट घाला. पायाला जखम असलेल्याला पुराच्या पाण्यात उतरवूच नका, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाचा) धोका खरा आहे. पैसे कमी पडत असतील तर टी-शर्ट राहू देत, आधी लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि फेकायचे दोर घ्या.

सरावाचं म्हणाल तर पहिला सराव न सांगता घ्या, आणि तोही आठवड्याच्या मधल्या वारी. निम्मी पोरं मुंबईला कामाला असतात, गणपतीला दिसणारं पथक जुलैतल्या मंगळवारी गावात नसतं. जे खरोखर हजर राहतात त्यांच्यावरच कामं वाटा. हा सराव फोनशिवाय करा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं होतं. बोलावण्याची घंटा झाली की कुठे जमायचं ती उंचावरची जागा सगळ्यांना पाठ हवी.

दुसरा सराव चढणीचा. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचेनात, माणसांनी हातांनी माती उपसली. वर जाताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. तेव्हा भर पावसात स्ट्रेचरवर वाळूची पोती बांधा आणि पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, वर न्या. शेवाळलेल्या पायरीवर पुढच्याचा पाय सरकतो, स्ट्रेचर मागे कलतं आणि सगळा भार मागच्या दोघांच्या मनगटांवर येतो. खांदा कधी बदलायचा आणि ‘थांबा’ कुणी म्हणायचं, हे तिथेच ठरतं. चाळिशी ओलांडलेल्यांची आधी डॉक्टरी तपासणी करून घ्या.

याच सरावात शिट्टीच्या खुणा पक्क्या करून घ्या. आंतरराष्ट्रीय पद्धत सोपी आहे: एक लांब म्हणजे काम थांबवा, शांत राहा; एक लांब नि एक आखूड म्हणजे पुन्हा सुरू; तीन आखूड, पुन्हा पुन्हा, म्हणजे सगळं टाकून बाहेर पडा. शांततेचा सराव सगळ्यात अवघड जातो, पण ढिगाऱ्याखालची हाक ऐकायची तर तो हवाच.

पाण्याचा सराव गावातल्या कोळी बांधवांना बरोबर घेतल्याशिवाय करू नका. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, ओहोटीला खाडीच्या तोंडाशी ओढ किती, हे त्यांना ठाऊक असतं. किनाऱ्यावरून दोर फेकण्याचाच सराव जास्त करा, पोहत जाणं अगदी शेवटी. आणि वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर गाठ मारून कधीही बांधू नका. प्रवाहात दोर ताणला की तोच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

विहिरीत पडलेल्याला काढायला लगेच कुणी उतरू नका. खाली हवा दूषित असली तर मागोमाग उतरणारेही जातात.

मे महिन्यात पथकातल्या सगळ्यांची नावं, रक्तगट आणि कुणाला काय येतं याची यादी तहसील कार्यालयात द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. स्थानिक स्वयंसेवकांना आपत्तीतलं बचावकार्य शिकवणाऱ्या सरकारी आपदा मित्र योजनेचं प्रशिक्षण तुमच्या जिल्ह्यात पुढे आहे का, तेही तिथेच विचारा.